पाठीवरचा हात

जानेवारीत, भर उन्हाळ्यात, बार्लीची कापणी आटोपली की ॲडलेडकडच्या आमच्या वॉटल फ्लॅट गावात दोनच गोष्टी वाढतात, उकाडा आणि उंदीर. उंदरांमागून साप येतात, आणि साप आला की लोक क्लॅरी ट्रेझीसला फोन लावायचे. शेतात दिसलेला साप कुणीही फावड्याने ठेचतो, त्याला क्लॅरी कशाला लागतो? पण तपकिरी साप, इथला सगळ्यात विषारी, घरात शिरला, फ्रीजच्या मागे नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसला, की तिथे फावडं फिरवायला जागा नसते आणि मोठी बंदूक उडवली तर सापाबरोबर भिंतही जाते. क्लॅरीकडे वडिलांची जुनी बावीस बोअरची बंदूक होती, आतून गुळगुळीत नळीची. तिच्यात तो गोळी घालत नसे. करंगळीपेक्षा बारीक काडतूस आणि त्यात मोहरीएवढे छर्रे. चार पावलांवरून साप मरायचा आणि मागच्या पत्र्याला साधं भोकही पडायचं नाही. पण चार पावलांच्या पलीकडून त्या छर्र्यांनी चिमणीही मरेल याची खात्री नाही. म्हणजे सापाच्या जवळ जाणं आलं. जवळ जाण्याची छाती क्लॅरीकडे होती, आणि त्यावरच त्याचं नाव झालं होतं.

साप मेला की तो वाकून शेपटीला धरायचा, उचलून बाहेर आणायचा आणि त्या घराच्या पुढच्या कुंपणाच्या तारेवर टांगायचा. ही इथली जुनी रीत. रस्त्याने जाणाऱ्याने गाडीचा वेग कमी करून बघावं आणि म्हणावं, क्लॅरी येऊन गेला वाटतं.

आणि क्लॅरी जाईल तिथे त्याच्या मागे त्याची बायको डल्सी. तो बंदूक खांद्याला लावून उभा आणि ही त्याच्या पाठीशी, उजवा हात त्याच्या शर्टावर घट्ट टेकवलेला. लोकांना हसायला तेवढं पुरे होतं. "डल्सी, अगं श्वास तरी घेऊ दे त्याला!" कुणीतरी ओरडायचं. "घाबरतेस एवढी तर येतेस कशाला गं?"

खरी गोष्ट अशी की क्लॅरीला दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. तो अंगणातून चालायचा, दार उघडायचा, कपात चहा ओतायचा. डोळ्यांच्या कडांना सगळं शाबूत होतं. पण जिथे नेमकं बघायला जावं तिथेच धूर. माणसाकडे तोंड करावं तर त्याचे कान दिसत, चेहरा नाही. ॲडलेडच्या डॉक्टरने सांगितलं होतं की यावर उपाय नाही. तिथून परतताना गाडी डल्सीने चालवली आणि त्यानंतर कायम तीच चालवायला लागली. लोकांना सांगितलं, क्लॅरीचा गुडघा धरलाय.

"बंदूक दे इकडे, मी मारते," डल्सीने तेव्हाच म्हटलं होतं. ती उगाच म्हणत नव्हती. उत्तरेकडे मेंढ्यांच्या रानात वाढलेली मुलगी ती. शाळा काय असते हे कळायच्या आधी तिने तारेच्या तुकड्याने साप मारले होते. सापाची भीती तिला ना तेव्हा होती ना आता.

"आणि मी काय करू?" क्लॅरी म्हणाला. "बसून मटार सोलू?"

मेंढ्या विकून झाल्या होत्या, जमीन खंडाने दिली होती, मुलगा शहरात गेला होता तो नाताळातही येईनासा झाला होता. घरातला फोन वाजायचा तो फक्त सापासाठी. डल्सीने पुन्हा विषय काढला नाही. त्याऐवजी तिने हात ठेवायला सुरुवात केली.

परसात, डब्यांवर नेम धरून त्यांनी ते बसवून घेतलं. बोटं डावीकडे दाबली की डावीकडे, अंगठा दाबला की उजवीकडे, तळहात स्थिर झाला की चाप ओढ. बार उडाल्यावर साप जिवंत असेल तर शर्ट मुठीत घट्ट धरायचा. तोवर त्याने जागचं हलायचं नाही. मेला की हात काढून घ्यायचा. हात निघाला म्हणजे वाकून उचलायला हरकत नाही. इतकी वर्षं त्यात कधी चूक झाली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ डल्सीची होती.

लोकांच्या हसण्याचं तिला फारसं काही वाटत नसे. पण कापणीनंतरच्या नाचाच्या रात्री, गावच्या हॉलमध्ये सगळे जमलेले असताना, बिअरचा ग्लास हातात धरून क्लॅरीच म्हणाला, "हिच्यापायी माझा एक शर्ट धड राहिलेला नाही. सापापेक्षा मला हिच्या नखांची भीती!" हॉल हसून हसून लोळला. डल्सी खिमा भरलेल्या पेस्टींचं ताट घेऊन उभी होती. ताट ठेवून ती बाहेर गेली.

सकाळी स्वयंपाकघरात ती त्याला म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील. त्यांना हसू दे. तू हसू नकोस, क्लॅरी. तू एकट्याने तरी हसू नकोस."

"अगं, कुणाला संशय येऊ नये म्हणून..."

"ते मला कळतं. तरीही नको."

तो बराच वेळ टेबलावरची मिठाची बाटली चाचपत बसला. मग म्हणाला, "बरं. नाही हसणार." त्याला वाईट वाटलं होतं, ते तिला दिसलं. त्याचं दिसायचं तेवढं सगळं तिला दिसायचं.

लॉयल नानकिव्हेलचा फोन आला तो त्याच महिन्यात. लॉयल म्हणजे त्यांची जमीन खंडाने करणारा शेजारी, तोंडाचा तोफखाना, पण मनाचा वाईट नाही. त्याच्या घरामागच्या कपडे धुण्याच्या खोपीत साप शिरला होता, तांब्याच्या जुन्या हंड्यामागे. दुपारची वेळ, पत्रा तापून कडकडत होता. लॉयलची बायको जॉय, तिचा भाऊ, त्याचं कुटुंब, सुटीसाठी आलेले पाहुणे असे सगळे अंगणात लिंबाच्या झाडाखाली जत्रा बघायला जमल्यासारखे उभे होते.

"डल्सी, दोन्ही हातांनी धर गं आज!" लॉयल ओरडला. "मोठा आहे!"

खोपीत अंधार होता. डल्सीला हंड्यामागे सापाचं एक वेटोळं दिसलं, मग भिंतीला लागून डोकं. तिने बोटं दाबली. क्लॅरी वळला. अंगठा. तळहात थांबला. बार उडाला, तो लहानसाच, फटाका फुटावा तेवढा. धूळ खाली बसली आणि तिने पाहिलं, छर्रे मानेच्या खाली लागले होते. साप रक्तबंबाळ होऊन सैल पडला होता, पण डोकं उचलत होता. तिने शर्ट मुठीत धरला.

क्लॅरी जागच्या जागी थांबला. दुसरं काडतूस खिशातून काढून भरायचं, तिच्या हाताची वाट बघायची, एवढंच काम होतं. पण काडतूस बोटांतून निसटून खाली पडलं आणि तो ते चाचपायला लागला. एवढा वेळ का लागतोय असं बाहेर कुणीतरी विचारलंसुद्धा. क्लॅरीच्या मानेवर घाम आलेला तिला दिसला. आणि मग तो दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "मी काय करू? ही सोडेल तर ना! चिकटलीय बघा गोचिडीसारखी!"

अंगणात हशा फुटला. कुणीतरी टाळी वाजवली.

डल्सीच्या कानांपर्यंत रक्त चढलं. एक शब्द दिला होता त्याने, एकच. तिची मूठ सुटली. विचार करून सोडली असं नाही. चटका बसल्यावर हात मागे येतो तसा तिचा हात मागे आला, आणि ती वळून त्या हसणाऱ्या माणसांमधून सरळ गाडीकडे चालू लागली.

गाडीचं दार उघडताना तिला आठवलं, हात काढला म्हणजे काय. ती मागे वळली. तोवर क्लॅरी साप शेपटीला धरून उन्हात आला होता, हात उंच, चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. साप हलत होता, पण मेलेला सापही सूर्य मावळेपर्यंत हलतो हे आमच्याकडे पोरंसोरं जाणतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेला होता तर मग, तिला वाटलं. गाडीत बसून तिने दार लावून घेतलं आणि मनाशी ठरवलं, आज घरी जाताना एक अक्षर बोलायचं नाही.

क्लॅरीने साप तारेवर टांगला. जॉयने त्याला चहा दिला. मनगटावर काहीतरी ओरखडलंय, हंड्याचा पत्रा लागला असेल, असं तो म्हणाला. दोन बारीक टिपके होते आणि कुणी नीट बघितलं नाही. त्याला तर बघता येतच नव्हतं. तपकिरी सापाचा दंश दुखतसुद्धा नाही. डोकं जड झालंय, ऊन लागलं, एवढं बोलून तो उठला आणि कपासकट खाली कोसळला.

लॉयल हाका मारत गाडीकडे धावला तेव्हा डल्सी काच वर करून समोर बघत बसली होती. इस्पितळापर्यंतच्या वाटेवर गाडी लॉयलने चालवली आणि क्लॅरीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. दंशावर जॉयने पट्टी बांधलेला त्याचा हात तिने हलू दिला नाही. एकदा त्याने डोळे उघडले. "तू हात काढलास," तो म्हणाला. रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं. शहराची पाण्याची टाकी दिसायला लागली तेव्हा त्याचा श्वास थांबला.

दोन दिवसांनी ठाण्याचा हवालदार घरी आला. भला माणूस होता, टोपी मांडीवर घेऊन बसला. लॉयलही आला होता, रडून डोळे सुजलेले.

"एकच कळत नाही," हवालदार म्हणाला. "इतका अनुभवी माणूस. डोकं वळवणारा साप त्याला दिसला कसा नाही?"

"आणि नजर घारीची!" लॉयल म्हणाला. "सगळ्या वॉटल फ्लॅटमध्ये तशी नजर नाही कुणाची."

डल्सीने दोघांकडे पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये, दुकानात, चर्चच्या पायरीवर पोचलं असतं, आणि क्लॅरी ट्रेझीस म्हणजे बायकोच्या आधाराने साप मारणारा आंधळा, एवढंच त्याचं नाव उरलं असतं. त्यानंतर लोक हसले असते ते त्याला, आणि तो तर उत्तर द्यायलाही उरला नव्हता.

"साप मेलेला नव्हता, ते मी पाहिलं," ती म्हणाली. "त्याला सांगायला हवं होतं. पण मी घाबरले आणि पळाले. माझ्याकडे बघायच्या नादात त्याचं सापावरचं लक्ष उडालं."

लॉयलने तिच्या हातावर हात ठेवला. "स्वतःला दोष देऊ नकोस, डल्सी. तू किती भित्री आहेस, आम्हाला काय माहीत नाही का?"

"हो ना," ती म्हणाली, आणि चहाचं भांडं चुलीवर ठेवायला उठली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या खुराड्यात साप आला. लॉयलने बजावून ठेवलं होतं, काही दिसलं की मला हाक मार, दाराबाहेर पाऊल टाकू नकोस. डल्सीने क्लॅरीची बंदूक घेतली, एक काडतूस भरलं, चार पावलांवर गेली आणि डोक्यावर नेम धरून चाप ओढला. मग थांबली. पुरेसा वेळ थांबली. काठीने दोनदा डिवचून पाहिलं.

तो साप तिने कुंपणावर टांगला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याने विचारलं असतं, कुणी मारला. तिने परसाच्या कोपऱ्यात फावड्याने खोल खड्डा खणला, साप पुरला आणि वरची माती पायाने सारखी करून टाकली.