एकानं गाडीत बसायचं

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका महाराष्ट्र फिरलेला आणि त्यांच्याइतका कमी पाहिलेला माणूस दुसरा कुणी नसेल. कोकणातली बंदरं, विदर्भातली जंगलं, लोणारचं तळं, सगळीकडे त्यांची गाडी जाऊन आली. पण तिथं काय आहे असं विचारलं की काका पार्किंगचं वर्णन करतात. कुठल्या देवळाबाहेर कडुलिंब आहे, कुठल्या किल्ल्याखाली नुसती एक टपरी आणि तिची सावली दुपारी दगा देणारी, कुठल्या किनाऱ्यावर वारा गाडीच्या डाव्या खिडकीतून शिरतो, हे त्यांना तोंडपाठ. देऊळ कुठल्या देवाचं होतं ते काकूंना विचारायचं. आणि या सगळ्याचं कारण म्हणजे दिवाणजी. दिवाणजी हा काकांचा कुत्रा. तपकिरी, गावठी, एक कान उभा तर एक पडलेला, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी अर्ज घेऊन येणार आहे असा भाव. काका त्याला अहोजाहो करायचे. "दिवाणजी, उठता का? दिवाणजी, पाणी घ्या." काकूंना मात्र "अगं". काकू म्हणायच्या, पुढच्या जन्मी मी कुत्रं होऊन ह्यांच्याच दारात येणार, निदान मान तरी मिळंल.

काका चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला माल भट्टीसारख्या गरम कपाटात ठेवायचा आणि तो कधी वाकतो हे बघायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी अॅम्ब्युलन्स घेतली, तिच्यात पलंग, ओटा, सिंक असं सगळं स्वतःच्या हातानं बसवलं आणि तिला आकाशी रंग दिला. पुण्यातली त्यांची मुलगी तिला कॅम्पर म्हणते, काकू डबा म्हणतात. रंगाच्या खालून उलटी अक्षरं अजून पुसट दिसतात, त्यामुळे रस्त्यावर लोक तिला वाट देतात आणि खेड्यात गाडी थांबली की एखादी म्हातारी दंड पुढे करून इंजेक्शन मागते. काकांनी अशा म्हाताऱ्यांसाठी लिमलेटच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या. म्हाताऱ्यांना गुण यायचा, असं त्यांचं म्हणणं.

आता गाडी आणि कुत्रा दोन्ही असल्यावर कधीतरी कुत्र्याला गाडीत ठेवून कुठंतरी जावं लागणार, हे उघड होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं खिडकी चार बोटं उघडी ठेवली असती आणि निघाला असता. काकांनी आधी स्वतःला कोंडून घेतलं. हे झालं वैजापुरात, त्यांच्या गावी, मार्केट यार्डाच्या मोकळ्या पटांगणात, ऐन मे महिन्यात. काचा बंद करून काका आत पलंगावर बसले, हातात थर्मामीटर. बाहेर काकू दिवाणजींना घेऊन छत्रीखाली उभ्या. कांद्याच्या गोण्या उतरवणारे हमाल काम टाकून भोवती जमा झाले. त्यातल्या एकानं काकूंना विचारलं, की बाई, माणूस आत शिजतोय अन् कुत्रं सावलीला, ही कुठली रीत? काकू म्हणाल्या, "त्यांचं हापिसचं काम चालूय." संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत बातमी पसरली, की काकूंनी नवऱ्याला भर बाजारात कोंडून घातलं. काका घामानं निथळत बाहेर आले आणि त्यांनी कायदा जाहीर केला: "जिथं मला बसवत नाय, तिथं त्यांनी बसायचं नाय."

त्यानंतर गाडीच्या छताला दोन पंखे लागले, एक हवा आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. त्यांना वेगळी बॅटरी. खिडक्यांना जाळी. पाण्याचं भांडं जड दगडी, कलंडू नये म्हणून. आतली उष्णता मोबाईलवर कळवणारं एक यंत्र आणि दिवाणजी काय करतात हे दाखवणारा एक छोटा कॅमेरा. निघण्यापूर्वी गॅसची टाकी बंद करायची, गळ्यातला पट्टा काढायचा, कारण पट्टा कशात अडकेल नेम नाही, आणि दिवाणजींना लांबवर फिरवून दमवायचं. काचेवर काकांच्या अक्षरात पाटी: आत कुत्रा आहे, पंखा चालू आहे, पाणी आहे, काळजी नसावी, असल्यास या नंबरवर फोन करावा. आणि गाडी लावायची ती आत्ताच्या सावलीत नाही, तासाभरानं सावली जिथं येणार तिथं. सावली ही भाड्याच्या घरासारखी असते, कधी खाली करायला लावील सांगता येत नाही, असं ते म्हणायचे. मग काका काकूंना घेऊन निघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि एखाद्या चहाच्या गाडीआडून वाकून बघत बसायचे. दिवाणजी भुंकतात का, ओरडतात का, दाराला नखं लावतात का. चहावाला संशयानं त्यांच्याकडे बघायचा. फर्दापूरला तर एका दुकानदारानं त्यांना सरळ हटकलं, की साहेब, त्या गाडीवाल्यावर पाळत ठेवताय का.

या बाबतीत त्यांचं डोकं इतकं तापलेलं असायचं, की जालना रोडवरच्या एका लग्नाच्या हॉलबाहेर त्यांनी कुणाच्या तरी मोटारीची काच पान्यानं फोडली होती. भर दुपारी, बंद गाडीत, मागच्या सीटवर एक पांढरं कुत्रं जीभ बाहेर काढून पडलेलं त्यांना दिसलं. काच फुटल्यावर ते कापसाचं निघालं. करवलीचं खेळणं. काका ती मोटार स्वतः गॅरेजला घेऊन गेले, नवी काच बसवून आणली आणि जेवायला पंगतीत बसले, तेव्हा नवऱ्याच्या मामानं मुद्दाम विचारलं म्हणे, कुत्र्यासाठी पान वाढायचं का?

पण एवढी सगळी व्यवस्था करूनही काकांचं मन मानायचं नाही. कोपऱ्यापर्यंत गेलेले काका परत यायचे आणि शेवटचा, सगळ्यांवर मात करणारा नियम लागू व्हायचा: एकानं गाडीत बसायचं. देवळात गेल्यावर घरातलं एक माणूस जसं चपला सांभाळत बाहेर थांबतं, तसं. आधी काकू जाऊन यायच्या, मग काका, किंवा उलटं. दौलताबादला काका अंधारीच्या भुयारापर्यंत जाऊन धापा टाकत परत आले, कारण यंत्रानं गरमी वाढल्याचा निरोप पाठवला होता. मग काकू गेल्या त्या थेट माथ्याजवळच्या बारादरीपर्यंत. त्या म्हणाल्या, दोघांचा मिळून एक किल्ला झाला. त्यांच्याकडच्या फोटोंतही तेच. एका फोटोत काका आणि दिवाणजी, मागे समुद्र. दुसऱ्यात काकू आणि दिवाणजी, मागे तोच समुद्र. एवढ्या वर्षांच्या प्रवासाच्या फोटोंमधून एखाद्या परक्यानं अंदाज बांधला असता, तर त्याला वाटलं असतं की ही दोन वेगवेगळी माणसं आहेत आणि कुत्रा तेवढा दोघांच्या ओळखीचा आहे.

संध्याकाळी मात्र गाडीच्या पायरीशी घडीच्या खुर्च्या टाकून दोघं बसायचे आणि जो जाऊन आला तो दुसऱ्याला सांगायचा. एकदोनदा मी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा हे ऐकलं आहे. काकूंना नाकडोळे आठवायचे, काकांना मापं आठवायची. आणि दोघांचं जमायचं नाही. सगळ्यात जुनं भांडण अजिंठ्याचं. पहिल्या लेण्यात भिंतीवरच्या चित्रात हातात कमळ घेतलेला जो उभा आहे, त्याच्या डोळ्यांवरून. काकांच्या मते तो पेंगतोय. इतका वेळ उभं राहून कुणालाही झोप येईल, पापण्या खाली आल्यात, स्पष्ट दिसतंय. काकूंच्या मते तो जागा आहे, खाली कुणाकडं तरी बघतोय, अन् ज्याच्याकडं बघतोय त्याचं दुःख त्याला माहीत आहे. हे भांडण गेली कित्येक वर्षं चालू होतं. दोघं तिथं चार-पाच वेळा गेले, पण प्रत्येक वेळी वेगवेगळे. काकूंना फक्त एवढंच हवं होतं, की एकदा दोघांनी मिळून त्याच्यासमोर उभं राहावं. चारचौघांसारखं. बोट दाखवून म्हणावं, बघा, आता बोला. बाकी त्यांनी कधी काही मागितलं नाही. साडीसुद्धा त्या काकांकडे मागत नसत.

म्हणून एका डिसेंबरात मला नेलं. लेण्यांपर्यंत आपली गाडी जात नाही, फर्दापूरजवळ ती लावून पुढं तिथल्या बसनं जावं लागतं. म्हणजे दिवाणजींजवळ बसायला भरवशाचं माणूस हवं. मी फारशी बोलत नाही, हे काकांना पसंत होतं. त्यांनी काकूंना सांगितलं, की इंग्रजी शाळेची पोरगी आहे, पण ऐकून घेती. मला सगळे नियम समजावले, परत माझ्याकडून म्हणवून घेतले. काकूंनी त्या दिवशी अबोली रंगाची साडी नेसली होती आणि गजरा घातला होता, लेणी बघायला गजरा. दोघं बसच्या रांगेत उभे राहिले. काका दर थोड्या वेळानं मागे वळून बघत होते. बस गेली. दिवाणजींनी एक मोठी जांभई दिली, माझ्या पायावर हनुवटी ठेवली आणि झोपून गेले. डोंगरात फोनला रेंज नसते, हे काकांच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्याच बसनं ते परत आले. एकटे. पायऱ्यांच्या खालूनच. दारात उभं राहून त्यांनी झोपलेल्या दिवाणजींकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खजील होऊन म्हणाले, "कॅमेरा बंद दाखवीत होता गं."

काकू दुपार कलल्यावर आल्या. मला वाटलं आता काहीतरी होणार. त्यांनी चप्पल काढली, चहाचं आधण ठेवलं, गजरा काढून खिळ्याला अडकवला. काकांनी विचारलं, काय म्हणतो तुझा माणूस? काकू म्हणाल्या, "बघतोय अजून." आणि सांगायला लागल्या. मुकुट कसा, खांदा कसा, बाजूची माकडं कशी. काका मान खाली घालून ऐकत होते. पेंगतोय, असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी दिवाणजी गेले. म्हातारपणानं, घरात, काकांच्या खाटेखाली, पंखा चालू असताना. काकांनी गाडीवर कापड टाकलं आणि ती तशीच कंपाउंडला लागून उभी राहिली. मी जिन्यातून उतरताना विचारायचे, काका, कुठं निघाला नाहीत? ते म्हणायचे, बघू, काकूंचे गुडघे दुखतात. ते खरंच दुखत होते. आता दोघांना कुठंही बरोबर जाता आलं असतं, पण काकू घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या.

मागच्या हिवाळ्यात काकूंनीच कापड काढायला लावलं. मलाही चल म्हणाल्या. फर्दापूरला काकांनी सवयीनं, तासाभरानं सावली येईल अशा जागी गाडी लावली, आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन स्वतःशीच हसले. बसनं आम्ही तिघं वर गेलो. पण पायऱ्या सुरू होतात तिथं काकू थांबल्या. पहिल्या दोन चढल्या, तिसरीवर बसल्या. डोलीवाले आले. चौघं उचलून नेतात, आरामात, असं त्यांनी सांगितलं. काकू म्हणाल्या, "नाय बाबा. चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं." डोलीवालेही हसले. काकांनी मनधरणी केली, हात जोडले, त्या ऐकेनात. काकांना म्हणाल्या, तुम्ही जाऊन या. काका म्हणाले, मी एकटा जाऊन काय करू, ते तर लई वेळा झालं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गेले. पहिल्या लेण्यात बराच वेळ उभी राहिले. पहारेकऱ्यानं बॅटरी मारून दाखवलं, लोक आले, गेले, मी पुन्हा पुढे सरकून बघितलं. मला नीट दिसलं. मी काय सांगायचं तेही मनात जुळवलं, कारण मला ऐनवेळी शब्द सुचत नाहीत.

खाली आले तोवर ते दोघं आधीच्या बसनं गाडीपाशी परत गेले होते. गाडीच्या पायरीवर शेजारी शेजारी बसले होते, खुर्च्या न काढता, दाटीवाटीनं. काकूंच्या गुडघ्यावर काकांनी गरम पाण्याची पिशवी धरली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. काका म्हणाले, "हं, सांग. पेंगतोय का बघतोय?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी हात वर केला.

"थांब बाळा. ते नको सांगू. ते आम्ही दोघांनी बघायचं ठरलं होतं."

काकांनी पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. मग गाडीच्या आत, रिकाम्या पलंगाकडे बघत म्हणाले, "दिवाणजी झोपायचे गं. दर वेळी. मी कॅमेऱ्यात बघायचो ना. निघालो की झोपायचे अन् येईपर्यंत झोपायचे. मलाच ऱ्हावायचं नाय."

"मग, मला काय माहीत नव्हतं व्हय?" काकू म्हणाल्या. रागानं नाही. एखाद्याची घडी मोडलेली कॉलर सरळ करावी, तसं.

त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं म्हणतात, पुढं कधीतरी. पुढं कधीतरी असंच काका सांगतात, नक्की काही नाही. त्या दिवशी काकूंनी मला बाकीचं सगळं विचारलं. मी बसमधली गर्दी सांगितली, छतावरची फुलं सांगितली, एका माकडानं एका शाळेतल्या मास्तरांची टोपी कशी पळवली ते सांगितलं. काका टोपीचा रंग विचारत होते, काकू मास्तरांचा चेहरा. चहा निवत गेला. बघण्यासारखं सगळं दुसरंच कुणी बघून आलं होतं, आणि गाडीपाशी बसून ऐकणारे पहिल्यांदाच दोघंही होते.