चार रंगांचा चेहरा

कसालच्या हायवेवर फ्लेक्स छापणारा एक माणूस आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दुसऱ्यांची नावं हातभर अक्षरांत छापण्यातच त्याचा जन्म चाललाय. मशीनचा शाई फवारणारा हेड मात्र तो तान्ह्या बाळाचं नाक पुसावं तसा मऊ फडक्याने पुसतो.

आचारसंहिता लागली आणि गावोगावचे पुढारी खांबांवरून उतरले. मी दुकानाचा बोर्ड करायला गेलो, तर मशीनमधून एक पुढारी हसत बाहेर येत होता. मी दचकलो.

"खांबार लावूचो नाय ओ," छापणारा म्हणाला. "मशीन दोन दिस गप रवला तर शाई सुकता, हेडाची भोकां बुजतत. म्हणान रोज सकाळी एक छापतंय. ह्येच्यात चारय रंग आसत. निळो कोट, गुलाबी गाल, पिवळो शेलो. फोटोत काळो रंग तेवढो नाय होतो, म्हणान केस मीच काळे केलंय."

छापलेले पुढारी मागे लाकडांच्या राशीवर पांघरलेले होते.

निकालात तोच पुढारी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रखडलेला बोर्ड न्यायला गेलो, तेव्हा तो पुढारी दुकानात कार्यकर्त्यांविना एकटाच उभा होता. मशीनमधून येणारा आपला ताजा फ्लेक्स पाहून त्याने छापणाऱ्याचा हात धरला.

"सगळे सोडून गेले रे. तू एकटोच रवलंस."

"साहेब, तुमच्यामुळेच माझी शाई सुकली नाय."

डोळे पुसत, पांढऱ्या केसांवरून हात फिरवत पुढारी गेला.

"खोटा कित्याक बोललंस?" मी विचारलं.

"खोटा खंय?" तो हेड पुसत म्हणाला. "ह्या दुकानात पयल्यांदाच कोणीतरी खरा बोललो."