बिजवर पाणी

रोज सकाळी साडेनऊला इब्राहिमभाई आमच्या मागच्या दाराशी येत, खिशातून काचेचा पेला काढत, माझ्या न्हाणीतून वाहून आलेल्या पाण्याने तो भरत आणि उन्हात धरून एक डोळा बारीक करून बघत. मग वास घेत. आपल्या आंघोळीच्या पाण्याचा शेजाऱ्याने वास घ्यावा, हे मला सत्तरीतही चमत्कारिक वाटे. ते मात्र नाडी बघणाऱ्या वैद्याच्या गांभीर्याने निदान सांगत. "बाय, आज शिकेकाई लावलात. बरा केलात. परवाचा शांपू वायट होता."

इब्राहिमभाईंनी बावीस वर्षं आखातात प्लंबरकी केली. तिथे नमाजाआधी हातपाय धुण्याचं, म्हणजे वजूचं, आणि आंघोळीचं पाणी गाळून खजुरीला घालायचे, ते काम त्यांच्याकडे होतं. रत्नागिरीत परतल्यावर शेजारपाजारच्या मोऱ्या बघून त्यांचा जीव तुटे. 'सांडपाणी' हा शब्द तर त्यांना शिवीसारखा लागे. "सांडता तुम्ही, आणि नाव पाण्याला?"

ईशा, अर्णव, तुमच्या दोघांच्या जन्माच्या वेळी आजोबांनी मागच्या आवारात दोन माड लावले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आजोबा गेल्यावर दोन वर्षांनी माडांना पहिल्यांदा फळं धरली. आणि त्याच वर्षी चैत्रात विहिरीचा तळ दिसला. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही पिण्याला आणि स्वयंपाकाला जेमतेम. झावळ्या खाली लोंबल्या, सुपारीएवढी फळं टपटप गळू लागली. पाऊस दोन महिने लांब होता. तेवढं ते माड तगणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी रोज ती गळलेली फळं वेचून सुपात ठेवी. का ठेवी, ते माहीत नाही.

कुंपणापलीकडून इब्राहिमभाईंनी ते सूप पाहिलं.

"चार बादल्या रोज गटारात सोडता, आणि माडापुढं रडता?"

"माझ्या आंघोळीचं पाणी नातवंडांच्या माडांना? शी!"

"मग काय गुलाबपाणी घालू? बाय, हा बिजवर पाणी. पयला संसार आटोपला म्हणून काय त्याला घराबाहेर काढायचा? जरा न्हाऊमाखू घालू, दुसरा लावून देऊ."

बिजवर म्हणजे दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा नवरा. इब्राहिमभाई स्वतः विधुर होते. लोक लग्नासाठी मागे लागत तेव्हा ते म्हणत, "पाण्याची लगीना लावतंय तेवढी पुरे."

आठ दिवसांत त्यांनी लग्नमंडप उभारला. केस आणि मळ अडवायला एक छोटी टाकी. तिच्यापुढे खाली प्लॅस्टिक अंथरलेला, खडी आणि वाळू भरलेला लांबट चर, त्यात कर्दळीची रांग. पाणी खडीच्या आतून झिरपत कर्दळीच्या मुळांतून पलीकडे निघे आणि माडांच्या आळ्यांत जाई. संडासाचं पाणी वेगळं. त्याला या लग्नाचं आमंत्रण नव्हतं. दोन आठवड्यांनी फळं गळायची थांबली.

इथे मी घोटाळा केला.

मी मिशनच्या शाळेत शिकलेली. आमच्या शाळेत स्वच्छतेला एकच वास होता, फिनेलचा. रोज सकाळी आपल्या पाण्याची परीक्षा होते म्हटल्यावर माझ्यातली शहाणी विद्यार्थिनी जागी झाली. पाणी पहिल्या नंबरात यावं म्हणून मी न्हाणीत अर्धी बाटली फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी आणखी अर्धी.

इब्राहिमभाईंनी पेला उन्हात धरला. पाणी पांढरंशुभ्र.

"बाय, दूध कोणी सांडला?"

त्यांनी वास घेतला आणि पेला अगदी हळू खाली ठेवला.

"या खडीत लाखो कामगार हायत. डोळ्यांना दिसत नायत. ना पगार, ना सुट्टी, तुमचा मळ खाऊन पाणी साफ करतायत. त्यांच्यावर तुम्ही इख ओतलात."

"स्वच्छ करायला गेले हो."

"तुमच्या स्वच्छतेन माड मरतील!"

ते तडक निघून गेले. तीन दिवस आले नाहीत. कर्दळीची पानं कडेने करपली, चराला कुबट वास सुटला. माडांना ते पाणी द्यायची माझी छाती होईना, आणि दुसरं पाणी नव्हतं. चौथ्या दिवशी सुपात पुन्हा फळं पडली. मी चप्पल घातली आणि त्यांच्या दारात उभी राहिले. आयुष्यभर मी मुलांना 'सॉरी' म्हणायला शिकवलं. स्वतः म्हणताना किती जड जातं, ते तेव्हा कळलं.

"चला," ते म्हणाले. घमेलं भरूनच ठेवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या चरातली ओली, बुळबुळीत खडी.

"हे काय?"

"इरजण. दूध तुम्ही घातलातच, आता इरजण लावू."

करपलेली कर्दळ कापून, चर आधी आपल्या वाट्याच्या नळाच्या पाण्याने धुऊन त्यांनी ती खडी मधोमध पुरली. उरलेल्या फिनेलच्या बाटल्या माझ्याच हातून उचलायला लावून आपल्या घरी नेल्या. कर्दळीला नवा कोंब आला तेव्हा मी त्यांना शिरा खाऊ घातला.

मागच्या वर्षी ते लेकीकडे दापोलीला राहायला गेले. जाताना पेला मला दिला. आता रोज साडेनऊला मीच तो उन्हात धरते, आणि दहाला त्यांचा फोन येतो. "बाय, वास कसा हाय?"

मे महिन्यात तुम्ही येणार, म्हणून शहाळी राखून ठेवली आहेत. इब्राहिमभाईंना विचारलं, माडातून पुन्हा आलेल्या या पाण्याला काय म्हणायचं?

"तिजवर! पण पोरांना आधी पिऊ दे, मग सांगा."

मला लपवाछपवी जमत नाही. म्हणून आधीच लिहिलं. नाक मुरडायचं ते तिकडेच मुरडून या.