पुढच्या टेबलावरचं पुस्तक

त्यानं माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं. हिसकलं नाही. हळूच काढलं, लहान लेकराच्या हातातून कातर काढतात तसं. मंग टेबलावरचं फडकं घेतलं अन् पुस्तक पुसलं. पुढून पुसलं, मागून पुसलं, अन् होतं तिथं ठेवून देलं. माझ्या डोळ्यादेखत.

भंडाऱ्याची गोष्ट आहे, मागच्या पावसाळ्यातली. एका हॉलमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. बाहेर बॅनर, नवी पुस्तकं, मोठ्यांची अन् लहानांची. मी अन् माझी शेजारीण शेवंता, दोघी एसटीनं गेलो होतो. पौर्णिमा होती. सकाळी विहारात वंदना घेतली अन् तशाच निघालो, म्हणून दोघींच्या अंगावर पांढरी लुगडी. हे ध्यानात ठेवा. आम्ही तोंड उघडाच्या आधी लुगड्यानंच आमची ओळख सांगून देली होती.

आता गेलो कायले होतो, ते सांगते. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता पुनर्वसनाच्या गावात राहतो. इथंही विहार बांधला, अन् पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी तिथं वाचन होते. एक जण वाचते, बाकीचे आयकतात. कितीक वर्षांपासून वाचणारी मी आहे. शाळेत मी गेली नाही. लहानपणी जुन्या विहारात एक म्हातारे काकाजी वाचत, त्यांच्या बाजूले जाऊन बसाची. त्यांचं बोट ओळीवरून जाय, तिकडं पाहात राहाची. बोट अन् आवाज, दोन्ही संगच. तशीच शिकली. म्हणून मले मनातल्या मनात वाचता येत नाही. आजही नाही. आवाज निघाल्याशिवाय अक्षर समजत नाही.

त्या वर्षी बाया म्हणाल्या, आजी, ग्रंथ तं वाचूच, पण लेकरं जांभया देऊन राहिले. त्यांच्यासाठी गोष्टीचं नवीन काही आण. आमच्यासाठी एखादी कादंबरी आण, पण जिच्यात सासू मरत नाही अशी नको आणू. त्यावर सगळ्या हासल्या, सासवाही हासल्या. शेवंताले प्रवासाचं पुस्तक पाहिजे होतं. बाई नागपूरच्या पुढं कधी गेली नाही. म्हणे, मले समुद्र वाचून दाखव. सगळ्यांनी वर्गणी केली, ती माझ्या कमरेच्या पिशवीत होती. आम्ही मागाले नव्हतो गेलो. घ्याले गेलो होतो.

आत पाय ठेवला तं पुढच्या टेबलावर सगळी नवी पुस्तकं मांडलेली. चकचकीत, कोऱ्या कागदाचा वास. मी हात पुढं केला. विकणारा माणूस चष्मेवाला, बोलाले गोड.

"मावशी, तुमची पुस्तकं मागच्या टेबलावर आहेत."

मले वाटलं, माणूस चांगला आहे, वाट दाखवून राहिला. गेलो मागं. तिथं आमच्या धम्माची पुस्तकं, आमच्या चळवळीची पुस्तकं. ती आमचीच, त्यात काही खोटं नाही. त्यातली अर्धी माझ्या घरी आहेत. त्यांनीच मले उभं केलं. त्यांच्याबद्दल माझा एक शब्द नाही. पण शेवंता हळूच म्हणाली, "माय, याले कसं समजलं वो, आपल्याले काय पाहिजे ते?"

मी माझ्या लुगड्याकडं पाहिलं. म्हणजे ही मागची पुस्तकं आमची. अन् बाकीच्या हॉलभर जी मांडली, ती कोणाची?

तरी पुढं आली. लेकरांचं एक पुस्तक उचललं, कासवाच्या गोष्टीचं. विहारासाठी पुस्तक निवडाची माझी एक रीत आहे. पहिलं पान मोठ्यानं वाचते. कानाले बरं लागलं तं घ्याचं, जीभ अडखळली तं ठेवाचं. आयकाचं पुस्तक नुसतं चित्र पाहून कसं घ्याचं? तं मी तिथंच उभ्यानं सुरू केलं. बोट ओळीवर. आवाज विहारातलाच, शेवटच्या चटईपर्यंत जाणारा. हे दुकान आहे, हे डोक्यातून निघून गेलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मंग हासणं आलं. एका पोरीनं मोबाईल वर केला. तिथं एक लेखिका बसल्या होत्या, लोकं त्यांची सही घेऊन राहिले होते. त्या हासत हासत, प्रेमानंच म्हणाल्या, "आजी, पुस्तक मनात वाचायचं असतं."

अन् मंग त्या चष्मेवाल्यानं पुस्तक काढून घेतलं. पुसलं. टेबलाखाली वाकला, सुतळीनं बांधलेला जुन्या पुस्तकांचा गठ्ठा काढला अन् माझ्यापुढं धरला.

"हे घेऊन जा. फुकट. तुमच्या मुलांना एवढं पुरे."

मी घेतला. दोन्ही हातांनी घेतला. वरून म्हणाली, "बरं झालं बापा." कमरेची पिशवी कमरेलेच राहिली. तिची याद आली नाही.

एसटीत गठ्ठा मांडीवर होता. बाहेर बांध्यांमध्ये धानाची रोवणी चालू होती. आसगावकडच्या दोन बाया समोर बसून बोलून राहिल्या होत्या, त्यांचे ओठ हालताना दिसत, आयकू काही येत नव्हतं. शेवंतानं चणे देले, ते मी खाल्ले. राग नाही आला. रडूही नाही. हात नुसते गठ्ठ्यावर पडले होते, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे.

संध्याकाळी विहारात लेकरं आधीच येऊन बसली. नवीन पुस्तक आलं म्हणून कोणी जांभई देली नाही. सुतळी सोडली, त्यातल्या त्यात बरं पुस्तक काढलं. एक पोरगी जंगलात चुकते, नदीपाशी येते, डोंग्यावाल्याले हाक मारते. पान उलटलं. पुढं पानच नव्हतं. फाटलेलं. मागचा पुठ्ठा तेवढा होता.

"मंग काय झालं, आजी?"

इतके वर्षं वाचून राहिली, पुढचं पान नाही असं कधी झालं नव्हतं. पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं, जसं काही तिथं लिहिलं असन. शेवटी म्हणाली, पुढचं पान नाही. शेवंताची नात सात वर्षांची आहे, तिनं विचारलं, "आपल्याले अर्धीच देली का?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. विचारून राहिली होती नुसती. अर्धं देलं तरी मी आतापर्यंत हो म्हणत आली, हे तिले माहीत नव्हतं. मले मात्र तवा माहीत झालं. मी गठ्ठा बांधला. गाठ पक्की मारली.

दोन दिवसांनी परत भंडाऱ्याले गेली, संगं शेवंता. त्या दिवशी पौर्णिमा नव्हती. तरी पांढरंच लुगडं नेसली. गठ्ठा पुढच्या टेबलावर ठेवला, नव्या पुस्तकांच्या मधात. कासवाचं पुस्तक उचललं. बोट ओळीवर ठेवलं अन् वाचाले सुरू केलं. मोठ्यानं.

त्याचा हात आला. पुस्तक धरलं. मीही सोडलं नाही.

"पान संपू दे," मी म्हणाली.

तो धरून उभा, मी वाचून राहिली. पान संपलं. चांगलं पुस्तक होतं, कानाले बरं लागलं. तवाच त्यानं हात काढला. मंग कादंबरीचं पान वाचलं, समुद्राच्या पुस्तकाचं वाचलं. एक पुस्तक जिभेले जड लागलं, ते ठेवून देलं. हासले कोणी, तेही वाचता वाचता आयकू आलं. टाळी कोणी वाजवली नाही, अन् मी त्यासाठी वाचतही नव्हती. कानाले बरी लागलेली तिन्ही पुस्तकं घेतली अन् कमरेच्या पिशवीतून पैसे काढले.

तो म्हणाला, "मावशी, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलं. सवलत देतो."

"सवलत नको. अन् हा गठ्ठा तुझ्या घरी वाचून दाखवजो. लेकरांनी मंग काय झालं विचारलं, तं सांगजो."

मोबाईलवर माझं वाचणं फिरलं म्हणतात. फिरू द्या. हातांचं ते मेलेपण अजून पुरतं गेलं नाही, तेही राहू द्या.

यंदा प्रदर्शन लागलं की मी जाईन. पांढरं लुगडं नेसूनच. पहिल्यांदा पुढच्या टेबलापाशी उभी राहीन अन् मोठ्यानं वाचीन. पान संपेपर्यंत पुस्तक माझ्या हातातून कोणी घेणार नाही.