रुमालाखालची जपानी

जनावरांच्या बाजारात मी तीस वर्षं काढली, पण माझ्या तोंडून भाव कुणी ऐकला नाही. आमच्या धंद्यात भाव बोलायचा नसतो. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, पंजा धरून वर दोन बोटं दाबली की सात. पुढं शून्यं किती, हे बैलाकडं बघून दोघांनाही कळतं. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा चालू असतात. भोवती उभ्या असलेल्यांना सौदा झालेला कळतो तो रुमाल झटकल्यावर. आकडा मात्र कळत नाही. तो देणाऱ्यानं सांगायचा नाही आणि घेणाऱ्यानंही नाही. बापानं माझ्यासाठी काही ठेवलं नव्हतं. एका म्हशीवर मी हा धंदा उभा केला तो हा नियम पाळूनच. पोरीला जपानी आकडे शिकवायला बसलो तेव्हा हाच नियम आडवा आला.

पोरगी अंबाजोगाईला नर्सिंग शिकली आणि मग तिथल्याच एका क्लासात जपानी शिकायला लागली. जपानात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करायला मुली लागतात. वाचणं, लिहिणं तिला जमलं. अडलं ते आकड्यांवर. समोरच्यानं ताप किती, खोली कितवी, औषध किती वाजता हे भराभर सांगितलं की ती गडबडायची. पहिली मुलाखत तिची त्यातच गेली. दुसरी दोन महिन्यांवर होती, आणि क्लासवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की यात नाही झालं तर पुढं नव्या मुलींना बसवू.

त्या वर्षी दुष्काळ होता. धारूरच्या घाटापर्यंत माळ नुसता तांबडा दिसायचा. गावच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडली. माझे सहा बैल घेऊन मी गेलो, तर संस्थेच्या चेअरमननं फाटकातच अडवलं. छावणी शेतकऱ्याच्या जनावरांसाठी आहे, व्यापाऱ्याच्या नाही, असं त्याचं म्हणणं. धंद्यातून घेतलेली माझी दोन एकर जमीन आहे. मी सातबारा पुढं केला, त्यानं तो उघडूनही बघितला नाही. चार दिवस बैल फाटकाबाहेर उभे राहिले. पाचव्या दिवशी त्यानंच आपला रुमाल काढून हात पुढं केला. माझी सगळ्यात देखणी जोडी त्याला स्वस्तात हवी होती, त्या बदल्यात उरलेल्या चौघांना आत जागा. त्यानं रुमालाखाली माझी जी बोटं धरली ती मला अजून जाणवतात. हात ओढून घ्यायला पाहिजे होता. पण बैलांच्या बरगड्या दिसत होत्या. मी मान हलवली.

नंतर तो गावभर सांगत फिरला की व्यापारी अडचणीत होता म्हणून मी चांगला भाव दिला. मला मात्र तोंड उघडता येईना, कारण रुमालाखालचा आकडा सांगायचा नसतो. माझीच जोडी रोज छावणीत माझ्यासमोर चेअरमनच्या दावणीला उभी असायची, आणि मी तिच्याकडं बघत चार बैलांपाशी दिवसभर बसून असायचो.

पोरगी दुपारी भाकरी घेऊन यायची, बरोबर वही. मी तिला म्हटलं, आकड्यांचं काय भ्यायचं, आकड्यांवरच तर तुझा बाप जगला. पण शिकवायचं तर आधी मला यायला पाहिजे होतं. इची, नी, सान, योन, गो. तेवढं एका दुपारीत झालं. पुढं चार आणि सात यांना दोन-दोन नावं निघाली. सातला नानासुद्धा म्हणतात हे ऐकल्यापासून शेजारच्या तळावरचे खरेखुरे नाना रोज विचारायचे, आज आम्हाला किती वेळा मोजलं?

दहाच्या पुढं जपानी माणसं सरळ चालतात हे मला पटलं. अकरा म्हणजे दहा-एक, एकोणतीस म्हणजे दोन-दहा-नऊ. आपल्या एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तरपायी मी शाळेत एवढा मार खाल्लाय की हे आधी कळतं तर तिकडंच जन्म मागितला असता. पण पुढं त्यांनीही घोळ घातलेला होता. तीनशे, सहाशे, आठशे म्हणताना आवाज बदलतो. आणि लाख त्यांच्याकडं नाहीच. दहा हजारांचा एक मान, आणि लाख म्हणजे दहा मान. दोन दिवस मी त्यात अडकलो आणि तिसऱ्या दिवशी वही फेकून दिली. पोरीनं ती बैलाच्या पायाजवळून उचलली, पदरानं पुसली आणि म्हणाली, परत म्हणा.

मग मला माझी रीत सुचली. मी जपानी आकडा हळूच म्हणायचा आणि तिनं रुमालाखाली माझी बोटं धरायची. ही गोष्ट तिला लगेच जमली. पंधरा दिवसांत ती इतकी तयार झाली की माझा आकडा पुरा व्हायच्या आत तिची पकड बसायची. बाजारातल्या जुन्या दलालांचा हात एवढा चालत नाही. मी खूश होतो.

मुलाखतीला आठ दिवस राहिले तेव्हा क्लासात सराव घेतला. ती संध्याकाळी आली ती डोळे सुजवून. बाईंनी आकडे विचारले होते, तिला सगळे कळले होते, आणि ती गप्प बसून राहिली होती. टेबलाच्या कडेवर तिची बोटं तेवढी हलत होती.

ती म्हणाली, "आबा, आकडा हातात येतो, तोंडात येत न्हाई."

मी आधी तिच्यावर ओरडलो, मग क्लासवाल्या बाईंवर. मग तांब्याभर पाणी प्यायलो, तेव्हा कुठं डोक्यात शिरलं की हे माझं काम आहे. आकडा गिळून टाकायची सवय मी तीस वर्षांत स्वतःला लावली होती, आणि पंधरा दिवसांत पोरीलाही.

दुसऱ्या दिवशी रुमाल खुंट्याला बांधून टाकला. तिला पाण्याच्या टाकीजवळ, वीस पावलांवर उभं केलं. मी बैलांपासून जपानी आकडा ओरडायचा, तिनं तिकडून मराठीत ओरडायचा, मग उलटं. पहिल्या दिवशी माझाच आवाज फुटेना. चार माणसांत आकडा मोठ्यानं म्हणायचा म्हणजे मला अंगावरचे कपडे काढल्यासारखं वाटत होतं. हळूहळू जमलं. छावणीतल्या लोकांची करमणूक झाली. वैरण घ्यायला येणारी माणसं पेंढ्या इची-नी करून मोजायला लागली.

पाचव्या दिवशी चेअरमन फेरीला आला, मागं पाच-सहा जण. आमचं चाललंच होतं. पोरगी टाकीपासून ओरडली, मोठा सांगा, हजारातला. मी समोर बघितलं. समोर माझी जोडी उभी होती. दोन महिने घशात अडकलेला एकच आकडा होता, तो बाहेर पडला. सान-मान हास्सेन. मुद्दाम म्हटला का, असं लोक अजून विचारतात. मला खरंच माहीत नाही.

पोरीचे ओठ थोडा वेळ हलले. मग सगळ्या छावणीला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "अडतीस हजार."

लोक नेहमीसारखे हसले. तिला काय माहीत, कुणालाच काही माहीत नव्हतं. पण चेअरमन चालता चालता थांबला आणि म्हणाला, "व्यापारी, रुमालातलं बाहेर काढायचं नसतं."

हसणं थांबलं. नानांनी चेअरमनकडं बघितलं, मग जोडीकडं. दुष्काळ असला तरी त्या जोडीला साठाच्या आत कुणी हात घातला नसता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

मी म्हणालो, "मी कुठं काढलं, चेअरमन? मी तर जपानीत बोललो."

नाना खाली बघून म्हणाले, "अडतीसात आमी बी घेतली असती की." चेअरमन पुढं गेला. जोडी परत आली नाही, भावही वाढला नाही, आणि त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. पण त्या दुपारी मी बऱ्याच दिवसांनी दोन्ही भाकरी संपवल्या.

मुलाखत क्लासातच होती, लॅपटॉपवर. आईबापांना व्हरांड्यात बसवलं होतं. मी खिडकीशी उभा राहिलो. पडद्यावर एक पिकल्या केसांची बाई होती. तिचं बाकी बोलणं मला कळत नव्हतं, पण आकडा आला की कान उभे राहायचे. बाईनं एका म्हाताऱ्याचे आकडे भराभर सांगितले आणि मग एकेक परत विचारला. ताप विचारला, तर पोरगी म्हणाली सान-जू-हाची तेन गो. अडतीस पॉइंट पाच. बरोबर होतं. मग खोलीचा नंबर आला आणि पोरगी थांबली. मी पाठीमागं माझंच बोट घट्ट धरलं. तिचे हात टेबलावर पालथे पडले होते, एक बोट हललं नाही. मग ती मोठ्यानं म्हणाली, नी-ह्याकु-योन. दोनशे चार. पडद्यावरच्या बाईनं मान हलवली आणि लिहून घेतलं.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना आणि माझ्यानं विचारवेना. सवयीनं मी रुमाल हातावर ओढला आणि हात पुढं केला. तिनं रुमाल उचलून परत माझ्या खांद्यावर टाकला.

"आबा, झालं. जाणार मी."

मी तिथंच पायरीवर बसलो.

परतीच्या एसटीत पोरगी खिडकीला डोकं टेकून झोपली. समोरून पाण्याचे टँकर येत होते, एकामागून एक. मी ते मोजत होतो. रोकु, नाना, हाची. कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं, तेव्हा कळलं की मी मोठ्यानं मोजतोय. तसंच पुढं मोजत राहिलो.