जंतूसरांचा कोपरा

जंतूसर कुणाच्याही शेतात शिरताना चपला बांधावर काढायचे आणि निघताना पाय त्याच शेतात धुवायचे. एका शेतातली माती दुसऱ्यात जाऊ नये, एवढंच कारण. पण गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना फार भाविक ठरवून टाकलं होतं. सर बौद्ध, देवाधर्माच्या वाटेला कधी जात नसत. तरी हा गैरसमज त्यांनी खोडला नाही. त्यामुळे कुणाच्याही बांधावर बसायला जागा मिळते, म्हणायचे.

ते कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. हा शब्द आमच्या उरणकडच्या जिभेला पेलणारा नव्हता, म्हणून जंतूसर. त्यांचं वैर पाखडीशी. पाखड म्हणजे हुबेहूब भातासारखं दिसणारं तण. पूर्वी तणनाशक मारलं की ती मरायची. दरवर्षी तेच औषध खाऊन ती अशी निर्ढावली की चार दिवस पिवळी पडल्याचं सोंग करायची आणि पुन्हा भाताच्या डोक्यावर उभी. शेवटी कित्येकांनी खाचरं ओस टाकली आणि कंटेनर यार्डात नोकऱ्या धरल्या. त्यात मीही आलो; आमचं खाचर तेवढं आईबाबा कसत राहिले.

आमच्या खाचराच्या एका कोपऱ्यात मात्र पाखड वीतभर वाढून खुरटायची. आम्हाला त्याचं काहीच नव्हतं. सर ते बघून उकिडवे बसले, ते जेवायला हाका मारल्या तरी उठेनात. तिथल्या मातीत एक जिवाणू होता. तो पाखडीची मुळं वाढू देत नव्हता, भाताला मात्र त्रास देत नव्हता. "मेलेल्या तणाकडून काही शिकता येत नाही, खुरटलेल्याकडून येतं," हे त्यांचं लाडकं वाक्य.

तो जिवाणू त्यांनी प्रयोगशाळेत वाढवला आणि कोळशाच्या भुकटीत मिसळून आमच्याच लगतच्या खाचरात टाकला. बाबा चेष्टा करायचे, औषध दोन दिवसांत पान पिवळं करतं, तुमचे जंतू काय रजेवर गेलेत? सर फक्त हसायचे. भात पोटरीवर आला तेव्हा पाखड खरोखरच त्याच्या गुडघ्याशी होती. त्या दिवशी सर आमच्याकडे सुकट-भाकरी जरा जास्तच जेवले.

पण बाटलीत राहून राहून जिवाणूचा गुण उतरू लागला. तसं होतं म्हणे. मग तो पुन्हा मूळ मातीतूनच घ्यावा लागतो. पावसाआधी मी माती न्यायला येतो, तोवर त्या कोपऱ्याला हात लावू नका, असं ते आईला बजावून गेले. आईने तो शब्द जिवापाड पाळला. तिथे नांगर नाही, गुरं नाहीत. बाबांनासुद्धा तिथून चालायची चोरी.

मेच्या शेवटी सर पिशव्या घेऊन आले. आई हरखून पुढे झाली.

"सर, कोपऱ्यात कोनी पायपन टाकला न्हाय. आनी राब मी सोता भाजलाय. शेन, पाला, समदा चांगला बघून घातला."

आमच्याकडे रोपं टाकायच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा रचून पावसाआधी जमीन भाजतात, तो राब. तणाचं बी जळतं, रोपं जोमाने येतात. सगळ्यात मोलाच्या जागेला सगळ्यात चांगला राब. आईने सरांच्या कोपऱ्याचा मान राखला होता.

सर त्या काळ्या राखेपाशी बसले. बोटाने माती उकरली, आणखी खाली उकरली. तरी पिशव्या भरल्या. आईचा चेहरा उतरलेला पाहून म्हणाले, "वहिनी, चूक माझी. माझी आईपण राब भाजायची, मी डोक्यावरून पाला वाहिलाय. हात लावू नका म्हणालो, भाजू नका म्हणायचं मला सुचलंच नाही."

त्या मातीत जिवाणू सापडला नाही. निवृत्त झाल्यावरही सर बांधाबांधाने खुरटलेली पाखड शोधत हिंडले. नाही मिळाली. गेल्या हिवाळ्यात ते गेले. मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा तेच कळत नाही. आईवर तर काढवत नाही.

ती आता त्या कोपऱ्यात राब भाजत नाही. श्रावणात एकदा तिथे जाऊन येते. यंदा मी सोबत होतो. पाखड तिच्या कमरेला लागत होती. तिने वाकून एक रोप उपटलं, मुळं पाण्यात खळबळून धुतली आणि माझ्यापुढे धरली.

"बघ ना, मुळी जरा आखूड वाटते का?"

मुळं चांगली लांबसडक होती. मी म्हणालो, "हो, जराशी."