पाड्यानं दिलेल्या गोळ्या

उधवा गावातल्या गवताच्या वखारीत नवशी गवत तुडवायची आणि मी गाठी बांधायचो. तिनं तुडवलेली गाठ कधी ढिली निघाली नाही. तुडवताना ती बोलत नसे. बोलणाऱ्याचा पाय हलका पडतो, असं तिचं म्हणणं.

साल बासष्ट असेल. पायात काटा मोडला, तरी तिनं काम सोडलं नाही. सूज पोटरीपर्यंत चढली, ती तापानं फणफणली, तेव्हा तिचा नवरा सुक्या तिला दवाखान्यात घेऊन गेला. तिथं पू काढला, कॅप्सूलच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपेपर्यंत ताप उतरला, जखम सुकू लागली.

पण तोंड आलं. जिभेवर, गालांच्या आतून दह्यासारखा पांढरा थर. पुसला तर खाली रक्त. सुक्याला वाटलं, पायातला रोग वर चढला, औषध कमी पडलं.

आमच्याकडे इर्जिकीची हाक घातली की घरटी एक माणूस कामाला येतो. सुक्यानं तशीच हाक घातली. ताप उतरला की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या कुडात खोचून ठेवायच्या, ही सगळ्या पाड्याची रीत. घराघरातून पुड्या आल्या. आणलेलं परत करणं म्हणजे माणसाला दारातून हाकलणं. नवशीनं सगळ्या गिळल्या. थर घशात उतरला. मग पाणीही आत जाईना. पाय बरा झालेला, आणि बाई वाळत चाललेली.

वखारीचा ट्रक गाठी घेऊन डहाणू स्टेशनला निघाला होता. तिला वर निजवलं, मी आणि सुक्या बरोबर गेलो. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तोंड पाहिलं, आधी काय घेतलं ते विचारलं. सुक्यानं अभिमानानं सांगितलं, सगळ्या पाड्यानं दिलं.

"त्यानंच झालं," डॉक्टर म्हणाले. "औषधानं तोंडातले चांगले जंतूही मेले. मोकळ्या जागेत बुरशी माजली. आता ती गोळी एकही नको. पोटात अन्न गेलं नाही, तर ही हाती लागणार नाही."

सलाइन लावलं. तोंडात जांभळं औषध फिरवायला लागले. थर कडेनं सुटू लागला, पण नवशी गिळेना.

तेवढ्यात सुक्याची काकी जिवली आली. तिची मुलगी कैनाडला दिलेली. लेकीच्या सासरी घरोघर मागून जिवलीनं गोळ्या जमवल्या होत्या.

"हिच्या तोंडाचं वांगं केलंय," ती म्हणाली. "रंगानं माणूस उठतो होय? घे, घाल तोंडात."

सुक्याचा हात पुढं झाला. नवशीनं ओठ मिटले, मान भिंतीकडे वळवली. तो थांबला.

"काकी, परत ने."

"माझी परत?"

"तुझी पण."

जिवलीनं पुडी पदराला बांधली आणि पाणी न पिता उठली. सुक्या दाराकडे बघत राहिला. मग त्यानं पेजेची वाटी उचलली. नवशीनं तोंड उघडलं. एक घोट गेला. दुसरा तोंडातच राहिला. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत होतो. बऱ्याच वेळानं गळा हलला.